वाचता येतंय, पण कळंना : आठवी ते दहावीच्या लेकरांचं इंग्रजी वाचन

मांजराकाठ | ६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे, ती इथं सविस्तर मांडतो. इथं शिक्षक आहेत, पालक आहेत आणि आपल्याच भागात शिकून पुढं गेलेली पोरंही आहेत.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला उतारा वाचायला उभं केलं. तिनं स्वच्छ वाचला, एकही शब्द अडला नाही. खालचा पहिला प्रश्न विचारला, उत्तर बरोबर. मी शाब्बास म्हणणार होतो, पण सहज विचारलं, "बरं, यात झालं काय, ते तुझ्या बोलीत सांग." ती गप्प. पुन्हा विचारल्यावर खाली बघत म्हणाली, "सर, वाचायला येतंय, पण कळंना."

मग उत्तर बरोबर कसं आलं? याचा विचार करत घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहिलं :

"गमक्या भुरकीने सांजवेळी तिपट चोळली आणि ती झुंपरात दडवली."

तिपट कोणी चोळली? सगळे हात वर. कधी चोळली? कुठे दडवली? पुन्हा सगळे हात वर, उत्तरंही बरोबर. मग विचारलं, तिपट म्हणजे काय? वर्ग चिडीचूप. त्या वाक्यातले निम्मे शब्द मीच बनवलेले होते. तरी तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर आली आणि मार्क द्यायचे म्हटले तर पैकीच्या पैकी द्यावे लागले असते.

आपली लेकरं इंग्रजीच्या उताऱ्यात नेमकं हेच करतात. प्रश्नातला एक शब्द धरतात, तो उताऱ्यात जिथं सापडेल ते वाक्य उचलून लिहितात. आणि हे त्यांना मीच शिकवलंय. माझा तास कसा चालायचा? मी वाचायचो, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगायचो, फळ्यावर उत्तरं लिहायचो, लेकरं उतरवून घ्यायची. समजून घेण्याचं सगळं काम मी करत होतो. त्यांच्याकडं फक्त लिहून काढायचं काम राहत होतं.

हे दुखणं जुनं आहे आणि आपल्यापुरतं नाही. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७८-७९ मध्ये आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. चौथीच्या वर्गांत बसून ४,४६९ मिनिटांचं वाचनाचं शिकवणं पाहिलं गेलं होतं. त्यात 'वाचलेलं समजून कसं घ्यायचं' हे शिकवण्यात गेलेली मिनिटं भरली २०. बाकी बराच वेळ प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं आणि स्वाध्याय देणं. म्हणजे तिथंही कळलं की नाही हे तपासलं जात होतं, कळून कसं घ्यायचं ते कुणी दाखवत नव्हतं. हे वाचलं तेव्हा माझाच तास कुणीतरी घड्याळ लावून बघतंय असं वाटलं.

मग मी एक बदल केला. आधी तेवढाच सांगतो. मी लेकरांसमोर मोठ्यानं विचार करत वाचायला लागलो. स्वतः एक छोटा उतारा लिहिला. त्याची सुरुवात अशी :

"अवर वेल वेंट ड्राय इन मार्च. माय ग्रँडमदर स्टिल वेंट टू इट एव्हरी मॉर्निंग. शी टूक नो पॉट विथ हर."

खडू हातात घेऊन मी म्हणालो, "अवर वेल. वेल म्हणजे चांगलं, हे मला येतंय. 'आपलं चांगलं कोरडं गेलं'? हे जुळंना. आता पुढं पळायचं नाही, इथंच थांबायचं. 'अवर'च्या पुढं आलंय म्हणजे ही काहीतरी आपल्या मालकीची वस्तू असणार. 'ड्राय' म्हणजे कोरडं. मार्चमध्ये आपल्याकडं कोरडं काय पडतं?" सगळा वर्ग एका आवाजात, "विहीर!" मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, तुम्हालाबी अडतंय?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. इंग्रजी येणारा माणूस कुठं अडतच नाही, अशी त्यांची समजूत. अडल्यावर तो काय करतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या वाक्यात 'स्टिल', म्हणजे 'तरीही'. चार-पाच जणांनी लिहिलं, आजी स्टीलची घागर घेऊन गेली. मी चूक म्हटलं नाही. म्हणालो, पुढचं वाक्य वाचा. 'शी टूक नो पॉट.' थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग एकेकजण आपलं लिहिलेलं खोडायला लागला. आपण धरलेला अर्थ पुढच्या वाक्यात टिकत नाही, हे लेकराला स्वतःहून कळणं, यात सगळं आलं असं मला वाटतं.

शेवटी विचारलं, विहीर आटलीय, हातात घागर नाही, मग आजी रोज तिकडं का जाते? याचं उत्तर उताऱ्यात कुठंच नाही. वर उल्लेख केलेली तीच मुलगी उठली. "तिच्या मालकानं खांदलेली आसंल विहीर." मी म्हणालो, "कशावरून?" तिनं 'स्टिल'वर बोट ठेवलं.

तुमच्याकडं काय अनुभव आहे? कुणी काही वेगळं करून पाहिलंय का? मोकळेपणानं लिहा.

---

सेलूकर | ६ जुलै, रात्री १०:२५

सर, वाचून बरं वाटलं. पण पालक म्हणून स्पष्ट विचारते. माझी लेक यंदा दहावीला आहे. शिकवणीत अपेक्षित प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतात आणि ती रात्री अकरापर्यंत घोकत बसते. तुम्ही म्हणता तसं एका उताऱ्याला एक तास दिला तर कोर्स पुरा कसा व्हायचा? आणि मार्कांचं काय?

---

मांजराकाठ | ६ जुलै, रात्री ११:०५

ताई, प्रश्न रास्त आहे. मार्कांचाच हिशेब मांडू. आपल्या लेकरांची इंग्रजी तिसरी भाषा. दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ८० गुणांची. त्यात पुस्तकातले उतारे २० गुणांना, पुस्तकाबाहेरचा उतारा १० गुणांना आणि त्यावरचा सारांश ५ गुणांना. म्हणजे ३५ गुण नुसते गद्य वाचून कळण्यावर आहेत, कविता वेगळीच. त्यातले १५ तर अशा उताऱ्यावर, जो लेकरानं आधी बघितलेलाच नसतो. तो पाठ कसा करणार? तिथं घोकंपट्टी कामाला येत नाही, आणि नेमकं तिथंच आपली लेकरं कोरी जागा सोडून येतात.

कोर्सचं म्हणाल तर मी प्रत्येक धड्याला एवढा वेळ देत नाही. आठवड्यातून एक तास, एक छोटा उतारा, १०० ते १२० शब्दांचा. बाकीचे तास नेहमीसारखे. दिवाळीनंतर धडे उलट लवकर उरकायला लागतात, कारण ओळीओळीचा अर्थ मला सांगावा लागत नाही.

तुमच्या लेकीसाठी घरी करता येईल असं एक सांगतो. प्रश्न समोर आला की उत्तर शोधण्याआधी तिनं ठरवायचं, याचं उत्तर राहतं कुठं? 'इथंच आहे', 'दोन-तीन ठिकाणचं जोडायचंय', 'लेखकाचं थोडं आणि माझं थोडं' की 'माझ्या मनातलं'. टॅफी राफेल या बाईंनी १९८० च्या दशकात ही चार घरं पाडून दिली. आपल्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली पाच कृती असतात. पहिली बहुतेक 'इथंच आहे'ची असते आणि पाचवी स्वतःच्या मताची. पाचवीचं उत्तर उताऱ्यात शोधत बसून वेळ घालवणारी कितीतरी लेकरं मी पाहिली आहेत. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. तुम्ही फक्त विचारा, "याचं घर कोणतं?"

---

बालाघाट | ७ जुलै, सकाळी ६:५०

सर, तुमची मुलगी स्वच्छ वाचत तरी होती. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आहे. माझ्या नववीच्या वर्गातली निम्मी लेकरं ऊसतोडीवाल्यांची. दिवाळीच्या आगंमागं आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, पाडव्याच्या सुमाराला परततात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ, काही सोबतच जातात. जे जातं त्याची दर वर्षी चार-पाच महिन्यांची शाळा बुडते. असं लेकरू नववीला येतं तेव्हा त्याला 'थ्रू' आणि 'थॉट' यांत फरक दिसत नाही. त्याला अंदाज बांध, प्रश्न विचार, सारांश सांग, असं म्हणून काय उपयोग?

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल बघा. १४ ते १८ वर्षांच्या मुलांतली ५७.३ टक्के मुलं इंग्रजी वाक्यं वाचू शकली, आणि वाचणाऱ्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. तुमचा धागा आहे वाचून न कळणाऱ्यांचा. पण ज्यांना वाक्यच वाचता आलं नाही, ते शंभरातले चाळीसच्या वर आहेत. माझा वर्ग त्यातला आहे.

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक सूत्र बीएडला शिकलो होतो, ते मला रोज आठवतं. वाचून कळणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असलं की सगळं शून्य.

---

मांजराकाठ | ७ जुलै, दुपारी २:१०

बालाघाट सर, अगदी मान्य. मी वर लिहिलं ते अक्षर उलगडणाऱ्या लेकरांबद्दलच आहे, हे मी तिथंच सांगायला हवं होतं. तुमच्या वर्गात तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा ना.

---

बालाघाट | ७ जुलै, रात्री ९:३०

परिपाठानंतरची पंधरा मिनिटं मी मागून घेतली आहेत. नववीच्या लेकराला 'ए फॉर ॲपल'चा तक्ता दाखवला तर त्याला लाज वाटते, ते कोपऱ्यात तोंड लपवतं. म्हणून मी त्यांच्या ओळखीचे शब्द घेतो. ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, डिझेल, चेन, गिअर, लोड, टोकन. हे सगळे शब्द त्यांच्या तोंडी आहेत, कारखान्याच्या गेटवर ते रोज ऐकलेले आहेत. अर्थ माहीत, उच्चार माहीत, फक्त इंग्रजी अक्षरांत बघितलेले नाहीत. 'ट्रॉली'तला 'टी-आर' कळला की 'ट्री', 'ट्राय', 'ट्रेन', 'ट्रू' हाती लागतात. 'चेन'वरून 'ची', 'चा', 'चो'. आणि 'लोड'मधला 'ओ-ए' कळला की 'रोड', 'बोट', 'कोट' आपोआप.

आणि अर्थाचं काम थांबवायचं नाही, हे मी दोन वर्षं वाया घालवून शिकलो. आधी अक्षरं पक्की, मग अर्थ, असं मी करत होतो, तर वर्ष संपायचं तरी अर्थापर्यंत पोचणंच व्हायचं नाही. आता उतारा मी वाचतो, लेकरं ऐकतात आणि अंदाज बांधणं, प्रश्न विचारणं हे सगळं मराठीत करतात. ऐकून कळण्याचा सराव चालू राहतो आणि शेजारी अक्षरांचं काम चालू राहतं. गुणाकारातले दोन्ही आकडे सोबतच वाढवायचे.

---

जोगाई | ८ जुलै, सकाळी ११:१५

मी अंबाजोगाईची, सेवानिवृत्त शिक्षिका. ३४ वर्षं इंग्रजी शिकवलं. मांजराकाठ, तुम्ही ओळीओळीचा अर्थ सांगण्याला दोष दिलात, तो मला पटलेला नाही. आम्ही भाषांतर पद्धतीनंच शिकलो आणि शिकवलं. त्यातून चांगलं इंग्रजी येणारे विद्यार्थी घडले, ते आज भेटतात तेव्हा सांगतात. ज्या घरात इंग्रजी कधी ऐकलेलंच नाही, तिथल्या मुलाला मराठीचा आधार काढून घेतला तर ते उभं कशावर राहणार?

---

मांजराकाठ | ८ जुलै, रात्री ८:४५

मॅडम, मराठीचा आधार काढायचा असं मी म्हणत नाही. मराठी मलाही हवी आहे. प्रश्न एवढाच की भाषांतर कोण करतं. मी करून दिलं तर ते माझं वाचन झालं. लेकरानं अडखळत का होईना स्वतः केलं, तर ते त्याचं.

उलट एका ठिकाणी मराठीशिवाय मला वाटच सापडत नाही. हे वाक्य बघा : "द मॅन हू सोल्ड द बुलक टू माय अंकल लिव्ज इन औसा." औशाला कोण राहतं? वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर, काका. कारण 'लिव्ज'च्या अगदी शेजारी 'अंकल' बसलाय. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि कर्ता आधीच सांगून झालेला असतो. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये 'हू' घुसतो आणि दोघांची ताटातूट होते. मी लेकरांना सांगतो, हेच मराठीत जो-तो लावून म्हणा. "ज्या माणसानं काकाला बैल विकला, तो औशाला राहतो." लगेच उजेड पडतो. मग ते 'हू'पासून 'अंकल'पर्यंत पेन्सिलीनं कंस करतात, तो भाग हातानं झाकतात आणि उरलेलं वाचतात : द मॅन लिव्ज इन औसा.

तसंच सर्वनामांचं. 'इट', 'दे', 'धिस', 'हिम' दिसलं की त्याला दोरी बांधायची आणि ती मागं कुठल्या खुंट्याला जाते ते बाण काढून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात उतारा म्हणजे बाणांचं जाळंच झालं होतं. पण अर्ध्याहून जास्त गोंधळ या दोऱ्यांतच होता, हे तेव्हा मला दिसलं. आणि वळणाचे शब्द. 'बट', 'ऑल्दो', 'अनलेस', 'इन्स्टेड'. 'अनलेस'मध्ये 'लेस' दिसतं म्हणून लेकरं 'कमी' असा अर्थ लावतात आणि अख्खं वाक्य उलटं होतं. हे शब्द मी गाडीच्या इंडिकेटरसारखे शिकवतो. दिसला की समजायचं, लेखक आता वळणार.

---

पाणचक्की | ९ जुलै, रात्री १०:००

अस्सलाम अलैकुम आणि नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या मुलींना उजवीकडून डावीकडं वाचायची सवय, शाळेत मराठी, घरी दखनी, त्यात इंग्रजी डावीकडून उजवीकडं. तरी सांगते, त्या मुलींना समजून वाचता येतं. फक्त घरच्या भाषेत जे करतात तेच इथंही करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मी दोन वर्षं चौघींचे गट करून शिकवते. पालिन्सार आणि ब्राउन या दोघींनी १९८४ मध्ये याचं काम प्रसिद्ध केलं. सातवीतली अशी मुलं त्यांनी घेतली होती, ज्यांना वाचता येत होतं पण कळत नव्हतं. म्हणजे मांजराकाठ सरांच्या वर्गातली ती मुलगीच. चार कामं असतात. एकीनं पुढं काय येईल त्याचा अंदाज करायचा, एकीनं प्रश्न विचारायचे, एकीनं अडलेलं सोडवायचं, एकीनं थोडक्यात सांगायचं. प्रत्येक परिच्छेदाला कामं बदलायची. सुरुवातीला बाई पुढं असते, हळूहळू बाईनं मागं सरकायचं.

मला सगळ्यात जड गेलं ते मागं सरकणं. गट अडला की माझी जीभ वळवळायची. एकदा एक मुलगी 'हंग्री'ला 'अँग्री' समजून सगळ्यांना पटवत होती आणि मी ओठ दाबून उभी होते. तिसऱ्या वाक्यात उताऱ्यातली बाई पोळी खायला बसली. तेव्हा दुसरी म्हणाली, "गुस्से में कोई रोटी खाता क्या? भूकी है वो." तिनं ते स्वतः सोडवलं. मी सांगितलं असतं तर दोन दिवसांत विसरली असती.

सारांशाच्या मुलीला मी सांगते, अब्बूंना फोन लावलाय आणि रेंज जायला आलीय, दोन वाक्यांत सांग. नाहीतर त्या उताऱ्यातली पहिली तीन वाक्यं उचलून लिहितात आणि त्याला सारांश म्हणतात.

---

जोगाई | १० जुलै, सकाळी ९:३०

पाणचक्की ताई, तुमचं वाचलं आणि मला आमच्या गावची पोथी आठवली. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. माझे आजोबा अर्थ सांगायचे. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं, तरी ओवीचा अर्थ असा सोडवायचे की आयाबाया तोंडाला पदर लावून रडायच्या. मध्येच कुणीतरी विचारायचं, "पण आसं का केलं त्यानं?" मग त्यावर बोलणं व्हायचं आणि आजोबा म्हणायचे, "उद्याच्या अध्यायात बघू." तुमची चारही कामं त्या देवळात होत होती. वाचता न येणाऱ्या बायकासुद्धा प्रश्न विचारत होत्या.

आम्ही शाळेत शिरलो आणि अर्थ सांगणारा एकटा शिक्षक राहिला, विचारणारं कुणी उरलं नाही. परवा मी जे लिहिलं होतं त्यावर दोन दिवस विचार केला. भाषांतर मला अजूनही हवं आहे. पण ते एकट्या शिक्षकानं करू नये, हे मान्य करते.

---

कयाधू | ११ जुलै, रात्री १२:२०

मी शिक्षक नाही. हिंगोलीकडचा, मराठी माध्यमातून दहावी ८९ टक्के घेऊन लातूरला अकरावी सायन्सला गेलो. पहिल्या आठवड्यात जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडलं आणि एका पानाला दोन तास लागले. प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहायचो. पान भरून जायचं आणि शेवटी त्या पानात काय होतं ते सांगता यायचं नाही. खोलीवरच्या तिघांचं तेच होतं. एकानं दिवाळीत सामान बांधलं, गावी गेला तो परत आलाच नाही. हुशार होता. गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढं होता.

मला सोडवलं मेसमधल्या एका सीनियरनं. तो म्हणाला, अर्थ लिहिणं आजपासून बंद. आधी शीर्षकं, आकृत्या आणि त्याखालच्या ओळी बघ. मग पुस्तक मिटून मराठीत सांग, या पानात काय असणार. मग शीर्षकाचा प्रश्न कर आणि त्याचं उत्तर शोधत वाच. मग पुन्हा पुस्तक मिटून सांग. हे फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या माणसानं १९४० च्या दशकात कॉलेजच्या मुलांसाठी बसवलंय, हे फार नंतर समजलं. तेव्हा एवढंच कळलं की पानाला दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं लागताहेत आणि सकाळी उठल्यावरही आठवतंय.

तो सीनियर भेटला नसता तर मीही सामान बांधलं असतं. सर, मॅडम, हे आठवी-नववीतच शिकवा. अकरावीत त्याची किंमत फार मोठी मोजावी लागते.

---

सेलूकर | १२ जुलै, सकाळी ७:१५

कयाधू, तुमची पोस्ट लेकीला वाचून दाखवली. तिला पुढं सायन्सच घ्यायचंय. काल रात्री अपेक्षित बाजूला ठेवून एक उतारा घेऊन बसलो. मी विचारत होते, याचं घर कोणतं? दोन प्रश्नांवर आमचं भांडण झालं आणि दोन्ही वेळा तीच बरोबर निघाली.

---

मांजराकाठ | १३ जुलै, रात्री ९:१५

कयाधू, तुमच्या त्या खोलीवरच्या मित्राचं वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. असे किती गेले असतील, आणि त्यातले काही माझ्या वर्गातले असतील.

ज्या गोष्टींत मला यश आलं नाही त्याही लिहितो, म्हणजे नवीन करणाऱ्यांना उपयोग होईल. उताऱ्यात अडणारे शब्द फार झाले की कुठलीच युक्ती चालत नाही. हू आणि नेशन या संशोधकांचा २००० सालचा अभ्यास सांगतो की कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायचं असेल तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात. आपली लेकरं १२० शब्दांच्या उताऱ्यात पंचवीस-तीस ठिकाणी अडतात. अंदाज बांधायला आजूबाजूचं तरी कळायला पाहिजे ना. म्हणून आता मी उतारे स्वतः लिहितो किंवा सोपे करून घेतो, आणि नवे शब्द पाच-सहाच ठेवतो.

दुसरं, विषय ओळखीचा हवा. गेल्या फेब्रुवारीत मी पाण्याच्या रेल्वेवर उतारा दिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली गाडी, पहिल्या खेपेला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी. माझी लेकरं तेव्हा बालवाडीच्या वयाची, पण घराघरात ती गोष्ट सांगितली जाते. नेहमी शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा त्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगत होता. त्याचे वडील तेव्हा टँकरवर होते. 'वॅगन', 'लिटर', 'पाइपलाइन', 'फिल्टर' हे शब्द त्याला शिकवावे लागले नाहीत. त्याच्या पुढच्याच आठवड्यात बर्फावरच्या खेळाचा उतारा दिला, तेवढ्याच सोप्या इंग्रजीतला, आणि तोच मुलगा पुन्हा गप्प. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये बेसबॉलच्या उताऱ्यावर हेच दाखवलं होतं. खेळ माहीत असलेली कच्ची मुलं खेळ माहीत नसलेल्या पक्क्या मुलांच्या पुढं गेली.

परीक्षेत बर्फ येणारच आहे, हे खरं. म्हणून जून ते दिवाळी आपल्या मातीतले उतारे आणि दिवाळीनंतर बाहेरचे, असा क्रम मी ठेवलाय. बाहेरचा उतारा वाचायच्या आधी दहा मिनिटं त्या विषयावर मराठीत गप्पा.

---

बालाघाट | १३ जुलै, रात्री ९:५०

सर, तुमचे ते सोपे उतारे मिळतील का? मी त्यात आमच्याकडचे शब्द घालून घेतो.

---

मांजराकाठ | १३ जुलै, रात्री १०:०५

जरूर. बावीस आहेत, हातानं लिहिलेले. फोटो काढून पाठवतो. पाणचक्की मॅडम, त्यांचं वळण उर्दू माध्यमाला कुठं बदलावं लागेल ते तुम्ही बघून सांगा, ही विनंती.

---

पाणचक्की | १३ जुलै, रात्री १०:३०

जरूर पाठवा. विहिरीचा आधी.

---

मांजराकाठ | २ ऑगस्ट, सायंकाळी ७:४०

उतारे पाठवलेत, मिळाले असतील. एक घडलेलं सांगायला आलो.

ती विहिरीवाली मुलगी आता दहावीत आहे. आज मधल्या सुट्टीत वही घेऊन आली. म्हणाली, "सर, ह्या 'इट'ची दोरी कुठं बांधायची?" वाक्य माझ्याच उताऱ्यातलं : "द बुलक ब्रोक द कार्ट ऑन द स्लोप, अँड फादर सोल्ड इट द नेक्स्ट वीक." मी लिहिताना बैल डोक्यात ठेवून लिहिलं होतं. पण ती म्हणाली ते खरं, दोरी दोन्हीकडं बांधता येते. बैल विकला की गाडी? तिचं म्हणणं बैलच, मोडकी गाडी कोण विकत घेणार. तिची मैत्रीण म्हणाली, एका चुकीपायी कुणी घरचा बैल विकत नसतंय, गाडी लोखंडाच्या भावात दिली असंल. मग शेजारचे चार-पाच जण आले. घंटा होईपर्यंत मिटलं नाही. मी काहीच सांगितलं नाही, कारण माझ्या वाक्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

---

बालाघाट | २ ऑगस्ट, रात्री ८:२०

आमच्याकडं बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्यांची लेकरं आहेत. ती बैल विकू देणार नाहीत असं वाटतंय. उद्या पहिल्या तासाला हेच वाक्य घेतो आणि कळवतो.